देणाऱ्याची सही

सोमवार, २ जानेवारी १९८९

पोहोचलो एकदाचा सिल्वासाला! नाशिकहून जव्हारमार्गे एस.टी.नं येताना हाडं खिळखिळी झाली, पण खानवेलपासून पुढे सागाचं रान लागलं आणि शीण कुठल्या कुठे पळाला. कारखाना अथालच्या अलीकडे आहे, पॉलिएस्टर धाग्याचा. मी, अनंत रघुनाथ कुलथे, वय वर्षं एकतीस, आजपासून इथला स्टोअर-इनचार्ज! मॅनेजर देसाईसाहेब वलसाडचे, बोलायला अगदी लोणी. आवो आवो, घर समजा, म्हणाले. निम्मं गुजराती, निम्मं हिंदी, मराठी चवीपुरतं.

हेडक्लार्क कारभारी आप्पा मात्र धुळ्याकडचे, आपल्यातले. आधीचा स्टोअर-इनचार्ज नोव्हेंबरातच राजीनामा देऊन गेलाय, म्हणून चार्ज आप्पांकडे होता. त्यांनी तो मला रीतसर दिला. यादी एका पानाची: किल्ल्या चौदा, वजनकाटा एक, कपाटं सहा. खाली डावीकडे देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. पांढरी, गुलाबी, पिवळी अशा तीन प्रती, मधे कार्बन. अक्षर असं की बघत बसावं. आप्पा अभिमानानं सांगत होते की या कारखान्यातून आजवर एक माणूस भांडून गेला नाही, सगळे नीट चार्ज देऊन गेले. मला हे फार आवडलं. स्टोअरवाल्याचा जीव यादीत असतो.

निघताना त्यांनी ही डायरी दिली. निळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव, पानांना छापील आकडे. कंपनीची वस्तू आहे, नीट वापरा, म्हणाले. वापरतोच आहे की!

घरची तेवढी रुखरुख आहे. अपर्णाला पाचवा महिना. ती नाशकात दादांजवळ, म्हणजे माझ्या वडिलांजवळ आहे. मुलगीच होणार असं छातीठोक सांगते, आणि नावही आम्ही ठरवून टाकलंय. बारशापर्यंत तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाही अशी तिनं शपथ घातलीय, नजर लागते म्हणे. मी ते फक्त तिच्या कानात म्हणतो आणि ती खुदकन हसते. म्हणून इथंही लिहीत नाही.

रविवार, १५ जानेवारी

किलवणी नाक्याजवळ खोली मिळाली आणि जेवायला कमळाबाईंची खाणावळ. बाई जळगावच्या. शेवभाजी अशी झणझणीत करतात की कानातून वाफा निघाव्यात! मला अनंतभाऊ म्हणतात आणि तिसरी भाकरी न विचारता वाढतात. जेवणानंतर शीळ घालायची माझी सवय त्यांना पहिल्याच दिवशी कळली. आता शीळ ऐकू आली नाही तर भाजी बिघडली का म्हणून विचारतात. आज रविवार, त्यामुळे दारूबंदीच्या गुजरातेतून मंडळी घसा ओला करायला लोटली होती. रस्त्यानं चालायची सोय नव्हती. आपण आपला चहा बरा, तोही बिनसाखरेचा.

मंगळवार, २४ जानेवारी

स्टोअरच्या मागे वेस्ट गोडाऊन आहे. तुटका, गुंतलेला धागा तिथं रंगाप्रमाणे निवडतात. त्या कामाला एकच माणूस आहे, पस्तिशीचा असेल. अंगावर कामगाराचा डगला, पण मधल्या बोटाला पेन धरून धरून पडतो तसा घट्टा. मी नाव विचारलं तर बराच वेळ विचार करून म्हणाला, आता नक्की आठवत नाही साहेब. सगळे त्याला नुसतं वेस्टवाले म्हणतात. घरी कोण असतं, तर तेही आठवत नाही. मी म्हटलं, वल्ली आहे! पण जाईन तेव्हा एकच प्रश्न विचारतो, नोकरी कधी सोडणार? लेकाचा डोळा ठेवून आहे माझ्या खुर्चीवर. आज मी जरा डाफरलोच.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

आनंदाची बातमी! दादांचं पत्र आलं. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरची जागा आहे, दहा एप्रिलला हजर व्हायचंय. म्हणजे बाळंतपणाच्या वेळी मी घरी! अपर्णानं खाली एकच ओळ लिहिलीय, लवकर या, ही आता आतून लाथा मारते.

राजीनामा द्यायचा. पण या खेपेला शहाण्यासारखा. नाशिकची आधीची नोकरी सोडताना मालकाशी वाजलं आणि मी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या टेबलावर भिरकावला होता. पुढे सहा महिने अनुभवाच्या दाखल्यासाठी त्याचे उंबरे झिजवले. दादा तेव्हा म्हणाले होते, अरे, नोकरी सोडताना दार आपटू नये, हळूच लावून घ्यावं. माझा राग माझ्या नाकावर, काय करू! पण आता बाप होणार आहे. जरा रीतभात शिकायला हवी.

बुधवार, १ मार्च

दिला राजीनामा. चार वेळा खरडून पाचव्यांदा झकास जमला. आभार मानले, कारण घरगुती लिहिलं, महिन्याची नोटीस दिली. एकतीस मार्च, शुक्रवार, शेवटचा दिवस. देसाईसाहेबांनी हात हातात घेतला आणि चांगली माणसं जातातच म्हणाले. मला भरूनच आलं.

आप्पा तर खूश झाले. चार्ज-यादी या वेळी लांबेल म्हणाले, रोज थोडी थोडी करू. कामाचा खोळंबा नको म्हणून त्यांनी कोऱ्या कागदांवर आधीच सह्या मागितल्या, तीसेक संच असतील. आठ वर्षांच्या स्टोअरच्या नोकरीत मी कोऱ्या चिठ्ठीवर सही केली नाही, बोल्टच्या पावतीवरसुद्धा नाही. क्षणभर हात अडखळला. पण जाता जाता म्हाताऱ्यावर अविश्वास कसा दाखवायचा? बरं दिसत नाही. केल्या सगळ्या. शिवाय तोंड वर करून म्हणालो, आप्पा, लिहा काय लिहायचं ते, माझी तक्रार नाही.

सोमवार, ६ मार्च

चार्ज घेणारा कोण निघाला? वेस्टवाले! दाढी केलेली, पांढरा सदरा, केस चापून बसवलेले. आप्पा म्हणाले हाच घेईल. हसूच आलं. पण माणूस कामाचा आहे, किल्ल्या मोजताना एक चुकला नाही. सगळं झाल्यावर पिवळ्या प्रतीत बघतो तर तळाला एक ओळ: चहा, बिनसाखरेचा, दिवसातून तीनदा. आप्पांची थट्टा, दुसरं काय.

बुधवार, ८ मार्च

कँटीनवाल्यानं मला आज साखरेचा चहा दिला आणि बिनसाखरेचा त्याच्यापुढे ठेवला. मी ओरडणार होतो, पण एक घोट घेतला तर गोडच बरा लागला. गंमत आहे.

सोमवार, १३ मार्च

ही थट्टा मला आता आवडत नाही. शुक्रवारच्या यादीत लिहिलं होतं: शीळ, जेवणानंतरची, एक. आज कमळाबाईंकडे जेवून उठलो, ओठ आवळले, नुसती हवा आली. पाच-सहा वेळा करून पाहिलं. लहानपणापासूनची शीळ! दुपारी स्टोअरमधून तीच चाल ऐकू आली. तो टेबलाशी बसून मालाच्या कप्प्यांची बिन कार्डं लावत होता आणि मजेत शीळ घालत होता.

उद्या आप्पांची खरडपट्टी काढतो. रीतभात गेली खड्ड्यात!

मंगळवार, १४ मार्च

नाही काढली. तणतणत आप्पांच्या टेबलाशी गेलो खरा. त्यांनी चष्मा पुसला आणि आजचं पान माझ्यापुढे सरकवलं. त्यात एकच ओळ: राग, तापट, एक, चालू स्थितीत. डावीकडे माझी सही होतीच. वेस्टवाल्यानं माझ्यादेखत उजवीकडे केली.

आणि मला काहीच वाटेना. समजतंय की हे भयंकर आहे. टेबल उलथवावं, कागद फाडावेत, हेही समजतंय. पण ते करायला आतून जे उसळावं लागतं ते नाही. मी म्हणालो, बरं आप्पा, येतो. आणि आलो.

शुक्रवार, १७ मार्च

आजच्या यादीत घरचा पत्ता. त्याखाली सही, मराठी आणि इंग्रजी. पगाराच्या वहीवर सही करायला गेलो तर रेघच उमटेना. आप्पांनी शाईचा पॅड पुढे केला. हरकत नाही, अंगठा चालेल, म्हणाले. किती मायेनं बोलतात.

बुधवार, २२ मार्च

होळी. कमळाबाईंनी पुरणपोळी केली होती. माझ्या नेहमीच्या जागेवर तो बसला होता. बाई त्याला वाढत होत्या, अनंतभाऊ, घ्या की अजून एक, म्हणत होत्या. मी दारात उभा राहिलो तर माझ्याकडे वळून विचारलं, भाऊ, तुम्ही कोणत्या कंपनीचे, नवीन आलात का? मी सांगायला तोंड उघडलं. मग म्हणालो, जाऊ द्या बाई, मागाहून येतो. त्यांनी पानात घालून एक पोळी हातावर ठेवली, सणाचं उपाशी जाऊ नये म्हणून. रस्त्यात उभा राहून खाल्ली आणि रडलो. रडणं अजून माझं आहे.

शुक्रवार, २४ मार्च

अपर्णाचं पत्र. ते त्याच्याच टेबलावर गेलं, पण त्यानं वाचून मला आणून दिलं. घ्या, तुम्हालाही वाटत असेल, म्हणाला. माणूस वाईट नाही, हेच सोसत नाही.

तिनं लिहिलंय, तुम्ही रविवारी अचानक आलात, किती बरं वाटलं! चिडलात मात्र नेहमीसारखेच, दादांवरसुद्धा. कारल्याची भाजी मागून घेतलीत. मी कारल्याला हात लावत नाही! पुढे लिहिलंय, पण एक चुकलं हं तुमचं. तिचं नाव एकदाही माझ्या कानात म्हणाला नाहीत. मी वाट बघत होते. विसरलात की काय? आता याल तेव्हा आधी नाव सांगायचं, मगच पाण्याचा तांब्या हातात देईन.

त्याला माहीत नाही! चहा नेला, शीळ नेली, घर नेलं, पण नाव मी कुणाला सांगितलेलंच नाही. उंबऱ्यावर ती विचारेल आणि हा गप्प बसेल. तेव्हा तिला कळेल की हा मी नव्हे. अपर्णा, विचार. सोडू नकोस, विचारत राहा.

शनिवार, २५ मार्च

सकाळीच एस.टी. स्टँडवर गेलो. चार्ज-बिर्ज गेलं उडत, पळून जायचं ठरवलं. गाडी लागली, चढलो, खिडकीशी बसलोसुद्धा. कंडक्टरनं विचारलं, कुठलं देऊ? मला सांगता येईना. वर पाटी होती ती वाचली, नाशिक. पण नाशकात कुठे? कुठली गल्ली, कुठलं दार? कंडक्टर आधी हसला, मग मागच्यांचा खोळंबा होतोय म्हणाला. कुणाचा खोळंबा नको म्हणून उतरलो.

पाय आपोआप कारखान्याकडे वळले. उतरायला नको होतं. आता कळतंय.

सोमवार, २७ मार्च

देसाईसाहेबांना सांगितलं, राजीनामा मागे घेतो. ते खुर्चीवरून उठले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, एकदा प्रेमानं दिलेलं परत मागणं शोभत नाही. मला ते पटलं. पटायला नको होतं —

बाहेर आप्पांना विचारलं, माझं काय होणार? शांतपणे सांगितलं त्यांनी. वेस्ट गोडाऊनमध्ये जागा रिकामी झालीच आहे. जाहिरात दिलीय, नवा स्टोअर-इनचार्ज येईल. एक दिवस तोही राजीनामा देईल, सगळेच देतात. तेव्हा त्याची यादी करू, चहापासून घरापर्यंत सगळं तुम्हाला मिळेल. याला नाही का आता तुमचं मिळालं? थोडी कळ काढा.

म्हणजे तो मला रोज जे विचारायचा —

मंगळवार, २८ मार्च

अपर्णाचा चेहरा. काल यादीत होता. आज डोळे मिटले तर नुसता पदर दिसतो, हिरवा. वर काही नाही.

नाव आहे. नाव आहे अजून. यादीत मुलीचे नाव अशी ओळ आहे, त्यापुढे आप्पांनी लिहिलंय: देणाऱ्याने सांगितले नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी मान हलवली. तेवढीच एक गोष्ट आज जमली.

बुधवार, २९ मार्च

सकाळी तासभर नाव आठवेना. वेड लागायची पाळी. धागा निवडत बसलो होतो, पांढरा, निळा, पांढरा, आणि ते कुठेच सापडेना. मग एकदम आलं. पुन्हा गेलं तर? माझ्याकडेच उरलं नाही तर कुणी कशाला चोरायला हवं?

शपथ मोडतो आहे, अपर्णा, माफ कर. कुणी बघणार नाही. विसरण्याआधी लिहून ठेवतो.

श्रुती.

श्रुती. श्रुती अनंत कुलथे.

गुरुवार, ३० मार्च

आजचं पान आलं. शेवटचं.

डायरी, निळा पुठ्ठा, कंपनीच्या मालकीची, एक. आतील मजकुरासह. पाने मोजली, एकही फाटलेले नाही.

उद्या दुपारी चारपर्यंत द्यायची. त्याची साडेपाचची गाडी आहे, नाशिकची.

मीच लिहिलं. माझ्या हातानं —

शुक्रवार, ३१ मार्च

दुपार. तो समोर स्टुलावर बसलाय. घाई नाही म्हणतो, होऊ द्या तुमचं. हातात पेढ्यांचा पुडा. तिला आवडतात म्हणे.

फाडावं ते पान. एकच पान. बोटांत धरलंय. राग असता तर एव्हाना फाडून गिळलं असतं. धरून नुसता बसलोय. कंपनीची वस्तू, जाता जाता खराब करून देणं — बरं दिसत नाही.

आप्पांना विचारलं, ही माझी रीतभात, ही का नाही घेतली यादीत? ती देणाऱ्याकडेच राहते म्हणाले. घ्यायला कुणी मागत नाही.

त्यानं उजवीकडे सही केली. अनंत र. कुलथे. हुबेहूब. माझ्यासाठी पॅड उघडून ठेवलाय. कोऱ्यावरच्या सह्या संपल्या, हा एकच अंगठा बाकी आहे.

आप्पा घड्याळ बघताहेत. देतो, देतो. त्याआधी ते पान एकदा वाचतो, मोठ्यानं नाही, मनातल्या मनात, एकदाच, तिचं नाव —